पशुसंवर्धन खातं, जिल्हा परिषद, दूध संघ आणि साखर कारखाने, सगळ्यांना मिळून एकच खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्या गोठ्यात लहानमोठी मिळून अकरा जनावरं आहेत आणि गेली सात वर्षं मी गावातल्या दूध संस्थेची सचिव म्हणून काम बघते, म्हणजे फॅट-एसएनएफचं (दुधातली चरबी आणि बाकीचे घन घटक मोजायचं) मशीन, दुधाची नोंद, दहा दिवसाचं पेमेंट सगळं माझ्याच हातातून जातं. हे पत्र कुणाच्या नावाने लिहावं यावर दोन दिवस विचार केला. आयुक्तांच्या नावाने लिहिलं तर उत्तर येणार की तुमचा दवाखाना जिल्हा परिषदेचा आहे, जिल्हा परिषदेला लिहिलं तर म्हणणार लस वरून येते, ग्रामपंचायतीला विचारलं तर त्यासाठी निधीच नाही, आणि दूध संघाला विचारलं तर आजारपण हा आमचा विषय नाही. म्हणून सगळ्यांना एकदमच लिहितेय. आणि आपल्या पशुपालकांनीही वाचावं, कारण यात आपलीही चूक आहे आणि ती मी लपवणार नाही.

२०२२ चा सप्टेंबर. लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग, ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात आल्याचं आम्ही बातम्यांत वाचलं होतं, पण रावेर लांब, असं वाटत होतं. एका पहाटे सुंदरीची धार काढायला बसले आणि सवयीने तिच्या पोटाला डोकं टेकवलं तर अंग तापलेलं. हात फिरवला तर मानेवर, खांद्यावर मुगाएवढ्या गाठी. तिसऱ्या दिवशी त्याच गाठी सुपारीएवढ्या झाल्या, पुढचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे, आणि बसता येत नाही म्हणून ती गाय रात्रभर उभी. सासूबाई कडुनिंबाचा धूर करत होत्या, हळद लावत होत्या, मी फोन करत होते.

त्या फोनांचं सांगते. तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला, ते म्हणाले तुमचं गाव आमच्याकडे येत नाही, श्रेणी-२ च्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या छोट्या, दवाखान्याला लावा. तिथे डॉक्टर नाहीत, पर्यवेक्षक आहेत, त्यांच्याकडे नऊ गावं, आणि ते बिचारे सकाळपासून मोटारसायकलवर फिरतायत. ते म्हणाले ताई, लस जिल्ह्याला आलीय पण आमच्या वाट्याची अजून निघाली नाही, बर्फाच्या डब्यातून आणावी लागते, गाडी नाही. लस आली नवव्या दिवशी, तोवर गोठ्यात गाठी आलेली तीन जनावरं होती आणि आजारी जनावराला लस टोचत नाहीत. तेराव्या दिवशी सुंदरी गेली. मी कुणा एका माणसाला दोष देत नाही हे परत सांगते, त्या पर्यवेक्षकांनी रात्री साडेनऊला येऊन मोबाईलच्या उजेडात तिला सलाईन लावलेलं मी विसरणार नाही. पण त्या तेरा दिवसांत मला एकही माणूस असा भेटला नाही की जो म्हणाला, हे माझं काम आहे, मी बघतो.

पुरायला खोल खड्डा पाहिजे, चुना पाहिजे, मीठ पाहिजे. जेसीबीचे अठराशे रुपये आम्ही दिले. मग नुकसानभरपाई. राज्याने त्यावेळी दुधाळ गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये जाहीर केले होते, ते चांगलंच केलं, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. पण पंचनाम्याला कानातल्या टॅगचा बारा आकडी नंबर लागतो आणि सुंदरीचा कान आधीच्या उन्हाळ्यात दावणीत अडकून फाटला होता, टॅग पडला होता. नंबर जुन्या लसीकरणाच्या वहीत सापडला, पण ती वही एका ऑफिसात आणि अर्ज दुसऱ्या ऑफिसात. पाच महिने गेले. पैसे आले, नाही असं नाही, पण ऐंशी हजाराची गाय गेली आणि त्या पाच महिन्यांत दुसरी आणायला सोसायटीचं कर्ज काढावं लागलं.

आता जबाबदारी कुणाची हे मी माझ्या परीने वाचून काढलंय, आणि वाचल्यावर मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग राग आला, कारण कागदावर जबाबदारी सगळ्यांची आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत १५ वी नोंद आहे, पशुधनाचं रक्षण आणि जनावरांच्या रोगांना आळा घालणं, म्हणजे काम राज्याचं. पण रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नये हे समवर्ती सूचीत, २९ वी नोंद, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचं. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हेही समवर्ती सूचीत, १७ वी नोंद. मग ७३ वी घटनादुरुस्ती झाली, अकरावी अनुसूची आली, तिच्यात चौथ्या क्रमांकावर पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि कुक्कुटपालन, ते पंचायतींकडे द्यायचं. शहरासाठी बारावी अनुसूची, तिच्यात कोंडवाडे आणि प्राण्यांवरची क्रूरता रोखणं नगरपालिकांकडे. म्हणजे दिल्ली, मुंबई, जिल्हा, गाव, चौघांच्याही नावावर हे काम आहे. चार जणांच्या नावावर सातबारा असला की बांध कोण घालणार यावर जसे वाद होतात तसंच हे झालंय.

आणि जिल्ह्यातच बघा ना. मी ज्या वेळचं सांगतेय तेव्हा एकाच जिल्ह्यात राज्य शासनाचे पशुसंवर्धन उपआयुक्त वेगळे, जिल्हा परिषदेचे जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी वेगळे, काही दवाखाने यांचे काही त्यांचे, आणि शेतकऱ्याला दवाखान्याच्या पाटीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय कळत नव्हतं की आपण कुणाच्या दारात उभे आहोत. साथीत तरी ही दोन दारं नकोत. साथ जाहीर झाली की जिल्ह्यात एकच अधिकारी, त्याच्या हाताखाली दोन्हीकडचे दवाखाने, दोन्हीकडचा लससाठा, दोन्हीकडच्या गाड्या, असं शासनाने जीआर काढून लिहून द्यावं. आणि लस कुठल्या दवाखान्यात किती आहे हे रोज ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकावं, एवढं तर बिनपैशाचं आहे.

२००९ चा केंद्राचा कायदा आहे, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरचा. त्यात चौथ्या कलमात स्पष्ट आहे की जनावराला सूचीतला रोग झाल्याचा संशय आला तर मालकाने गावातल्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं आणि त्यांनी जवळच्या पशुवैद्याला लेखी कळवायचं. २०२२ ला याच कायद्याखाली अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, शर्यती बंद. बंद करण्याचा भाग लगेच झाला. पण ग्रामपंचायतीत कळवलेलं नोंदवायला रजिस्टर नव्हतं आणि कळवायचं असतं हे सरपंचांना माहीतच नव्हतं. मी स्वतः एका कोऱ्या वहीवर रकाने आखून दिले, गावाचं नाव, मालक, टॅग नंबर, पहिली गाठ दिसली ती तारीख, कुणाला कळवलं, कोण आलं. त्या वहीत पुढच्या सहा आठवड्यांत ४३ जनावरांची नोंद झाली आणि ती वही आजही संस्थेच्या कपाटात आहे.

४३ हा आकडा मात्र खरा नाही, आणि इथे आपली चूक येते. निदान दहाबारा जनावरं लपवली गेली. आमच्याच आळीत एकाने आजारी कालवड कडब्याच्या गंजीमागे बांधली होती, बाहेरून दिसणार नाही अशी, आणि त्याच्याच गोठ्यातल्या माश्या, गोचीड शेजारच्या तीन गोठ्यांत गेले. का लपवली? कारण त्याला वाटलं डेअरी दूध बंद करेल, बाजारात दुसरी गाय विकता येणार नाही, आणि भरपाई मिळेल की नाही याची खात्री नाही. लम्पी माणसाला होत नाही हे तेव्हाही सांगितलं जात होतं, तरी भीती होतीच. मी त्याच्यावर चिडले होते, आजही मला ते चूकच वाटतं, पण कळवणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत असेल तर कुणी कळवणार नाही हेही तितकंच खरं. कळवलं की आठ दिवसांत भरपाईतले निम्मे पैसे खात्यात आणि बाकीचे कागद पूर्ण झाल्यावर, असं केलं तर लोक गंजीमागे जनावर बांधणार नाहीत, माझी खात्री आहे.

कुणी म्हणेल की इतक्या जणांना एकत्र आणून काम होत नसतं. होतं. बुळकांडी आठवते का कुणाला? माझ्या सासऱ्यांचे वडील सांगायचे, गावात बुळकांडी आली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या. तो रोग या देशातून गेला, २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये अख्खं जग. आणि आपल्या पुण्याला तर याचा अभिमान पाहिजे, कारण जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, नंतर ती मुक्तेश्वरला हलली आणि आज ती आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था, म्हणून ओळखली जाते. बुळकांडी गेली ती कशी, तर योजना आणि पैसा केंद्राचा, टोचणी राज्यांची, आणि शेवटच्या वर्षांत गावोगाव, गुरांच्या वाटांवर फिरून कुठे एखादं जनावर आजारी आहे का याचा शोध. प्रत्येकाला आपला वाटा माहीत होता. आजही लाळ्या खुरकूतचं तसंच चाललंय, २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लस मोफत येते, सहा महिन्यांनी टोचतात, आणि चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस. ठरलेला रोग असला की आपल्याला जमतं. न ठरलेला रोग आला की आपण एकमेकांकडे बघत बसतो.

ऑस्ट्रेलियाने यावर २००२ मध्ये एक करार केला, मला तो फार आवडला. केंद्र सरकार, राज्य सरकारं आणि पशुपालकांच्या संघटना यांनी रोग यायच्या आधीच बसून ठरवलं की कुठल्या रोगाला खर्च कुणी किती द्यायचा. चार वर्ग केले. माणसाला धोका असलेले रोग, जसं रेबीज, तिथे सगळा खर्च सरकारचा. लाळ्या खुरकूतसारख्यांना सरकार ८० टक्के, पशुपालक २०. लम्पी तिसऱ्या वर्गात, निम्मा-निम्मा. चौथ्या वर्गात उलटं, पशुपालक ८०. आणि जो पैसे देतो तो निर्णयाच्या टेबलावर बसतो, हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. तिथले पशुपालक शेकड्याने जनावरं ठेवणारे, आपल्याकडे दोन गाई आणि चार शेळ्यांवर घर चालवणारी बाई, तेव्हा त्यांचे टक्के आपल्याला लागू होणार नाहीत हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच की आधी ठरवलं होतं, लेखी ठरवलं होतं आणि ज्याचं जनावर त्याला खुर्ची दिली होती. आपल्याकडे जिल्ह्याच्या बैठकीत गोठ्यात शेण काढणारी किती माणसं असतात? बाया तर नसतातच, आणि जनावराचं पहिलं दुखणं कळतं ते धार काढणाऱ्या बाईला.

दूध संघांना माझं सरळ सांगणं आहे. तुम्ही म्हणता आजारपण आमचा विषय नाही. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात आमच्या संस्थेचं संकलन रोज अठराशे लिटर होतं, ऑक्टोबरच्या मध्याला ते अकराशेवर आलं, तुमचा टँकर अर्धा रिकामा जात होता. तो विषय तुमचाच होता. अठराशे लिटरला लिटरमागे ५ पैसे धरले तर रोजचे ९० रुपये, वर्षाचे ३२,८५० होतात. तेवढे शेतकऱ्याने द्यावेत, तेवढेच संघाने, आणि दोघांच्या बेरजेएवढे सरकारने, म्हणजे एका गावाला वर्षाला १,३१,४०० रुपये. त्यातून बर्फाचा डबा, फवारणीचं औषध, जेसीबीचा खर्च, गाडीचं पेट्रोल, आणि पहिल्या दिवसापासून औषधं. १९६२ नंबरला फोन केला की फिरत्या पशुदवाखान्याची गाडी येते, तिचा चालवायचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात, चांगली सोय आहे, पण साथीच्या दिवसांत एक गाडी किती गावं करणार. गावात स्वतःचं काही असलं पाहिजे.

आता साखर कारखान्यांकडे येते, आणि इथे विषय आजाराचा नाही, जनावराच्या हालांचा आहे. आमच्या गावावरून हंगामात रात्रंदिवस बैलगाड्या जातात. ऊसतोड कामगारांबद्दल मला माया आहे, त्यांची पोटं त्या गाडीवर आहेत, त्यांना कुणी गुन्हेगार ठरवू नये. पण मागच्या वर्षी चढावर एक बैल गुडघ्यावर बसला, नाकातून रक्त, जू मानेत रुतलेलं, आणि गाडीवान शेजारी उभा राहून रडत होता, त्याने बैलाच्या तोंडाला पाणी लावलं तेही बैल पिईना. मी पोलिसांना फोन केला तर म्हणाले पशुवैद्यकांचा दाखला लागेल, पशुवैद्यक म्हणाले तक्रार पोलिसांत करा. जिल्ह्यात प्राणीक्लेश प्रतिबंधक समिती असते, २००१ च्या नियमांनी ती प्रत्येक जिल्ह्यात पाहिजे, तिचा नंबर कुणाकडेच नव्हता.

१९६५ चे नियम आहेत ओढकामाच्या जनावरांचे. दिवसात नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही, आणि गाडीत वजन किती याचीही मर्यादा आहे. ती मोडली तर प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये लिहिलाय. पन्नास रुपये! पण मला त्याहून महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक गाडीचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतंच. पावतीवर छापून येतं, गाडी नंबर, वेळ, भरलेलं वजन, रिकामं वजन. म्हणजे कुठल्या बैलांनी किती ओढलं याची नोंद राज्यातल्या सगळ्या कारखान्यांत रोज होते आणि ती कुणीच त्या नजरेने वाचत नाही. कारखान्याने काट्यावरच मर्यादा ठरवावी, जास्त वजनाची गाडी दुसऱ्या दिवशी हलकी भरून आण म्हणून सांगावं, आणि गाडीवानाची मजुरी त्यामुळे कमी होणार असेल तर तो फरक कारखान्याने सोसावा. आज तो फरक बैल सोसतोय. गाडीतळावर हंगामभर एक पशुवैद्यक आणि पाण्याचा हौद, हेही कारखान्याच्या वाट्याचं काम धरावं.

भाकड जनावरांचंही बोलायलाच पाहिजे. २०१५ पासून आपल्या राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायदा चूक की बरोबर यावर मी इथे वाद घालत नाही, आमच्या घरातच त्यावर दोन मतं आहेत. पण तो सरकारने केला आणि म्हाताऱ्या बैलाची वैरण, औषध, पाणी शेतकऱ्याच्या अंगावर आलं. २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरलं. गोशाळेला मिळतं, मग ज्याने स्वतःच्या दावणीला म्हातारा खिल्लार शेवटपर्यंत ठेवला त्याला का नाही? माझ्या चुलत दिरांकडे एकोणीस वर्षांचा बैल आहे, दात गेलेत, त्याला पेंड भिजवून हाताने भरवतात. त्यांचं कुणी नाव घेत नाही. तिथेही वाटा ठरवा.

आमच्या संस्थेने मागच्या सभेत ठराव केलाय, लिटरमागे ५ पैसे पशुआरोग्य निधीला, पुढच्या पेमेंटपासून कपात सुरू. १३८ सभासदांपैकी सहा जणांनी विरोध केला, त्यांचं म्हणणं होतं की सरकारचं काम आपण का करायचं, आणि त्यांचं म्हणणं मी इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घेतलंय, कारण तो प्रश्न बरोबरच आहे. शेतकऱ्यांचा वाटा आम्ही भरायला लागलोय. निधीचं खातं वेगळं उघडलंय, त्यात संघाचा रकाना आणि शासनाचा रकाना आखून ठेवलाय, दोन्ही सध्या कोरे आहेत. संघाचे प्रतिनिधी, जिल्हा परिषदेचे सदस्य, खात्याचे अधिकारी, कुणीही या, वही आणि ठराव बघा. संस्था सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात उघडी असते. साथीची ती जुनी वहीही दाखवीन, ४३ जनावरांची. तिच्यात पहिल्या पानावर सुंदरीचा टॅग नंबर आहे आणि "कोण आलं" या रकान्यात नऊ दिवस काहीच लिहिलेलं नाही.

आपली,
एक दूध उत्पादक आणि दूध संस्थेची सचिव
जिल्हा अहिल्यानगर